पाणाडी आणि पृथ्वीचं पोट

त्यांचं नाव मी विचारलं नाही, याची अजून चुटपुट लागते.

शिरूरहून दौंडला जाणाऱ्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले होते. तळहातावर नारळ ठेवून शेतात फिरणारे आणि तो उभा राहील तिथं पाणी आहे असं सांगणारे पाणाडी. धुळीसाठी तोंडाला टॉवेल बांधलेला, डोळे थकलेले. माझ्या मांडीवर सेमिनारसाठी काढलेली झेरॉक्स होती. फार जुन्या काळी एका विद्वानानं काढलेलं पृथ्वीच्या पोटाचं चित्र. मध्ये आग, आणि समुद्राचं पाणी भुयारांतून थेट डोंगरात चढतंय. त्यातल्या चुका मला वर्गात सांगायच्या होत्या.

एका भुयारावरून त्यांनी हळूच बोट फिरवलं.

“ह्ये काढनारा खाली उतरला व्हता का?”

“नाही, आप्पा. अंदाजानं काढलंय. सगळं चुकलं.”

“मंग लोक काय म्हनले त्याला?”

“चूक कळायच्या आधीच तो वारला होता.”

“सुटला,” ते म्हणाले. “मी दावलेला बोअर आज फेल गेला. शेतकऱ्याचा फोन आलाय, या म्हनून.”

“मग कशाला जाताय?”

“नारळ माझ्याच हातावर उभा राहिला व्हता की.”

फाट्यावर बस थांबली. शेतात बोअरच्या गाडीपाशी माणसं जमलेली दिसत होती. उतरण्याआधी त्यांनी तोंडावरचा टॉवेल सोडला, घडी करून पिशवीत ठेवला आणि सावकाश तिकडं चालू लागले.