केमिस्ट्रीची रांग

लोरेटा झेमानेक डावखुरी होती. कारखान्यात डावखुऱ्या माणसाला कुणी शेजारी उभं करून घेत नाही, कोपराला सुरी लागते म्हणून. तिला टेबलाच्या पार टोकाला जागा दिली आणि तिथून ती एकोणीस वर्षं हलली नाही. तिच्या अलीकडं मी.

आमचं गाव आयोवातलं, सीडर नदीच्या काठचं, आणि कारखाना डुकरं कापायचा. आमच्याकडं यायच्या त्या म्हाताऱ्या माद्या. साखळीला उलट्या टांगून पुढं सरकायच्या आणि आम्ही बायका त्यांचा कोथळा काढायचो. त्यांतल्या कितीतरी गाभण निघायच्या. ती पिशवी न फोडता अख्खी बाहेर घ्यायची, पिलं सोडवायची आणि निळ्या पिंपात टाकायची, हे लोरेटाचं काम. तिच्यासारखा हात दुसरा नव्हता. मंगळवारी एक गाडी येऊन पिंपं घेऊन जायची. कुठं जातात ते आम्ही कधी विचारलं नाही. औषधाला लागत असतील, एवढंच मनात.

तिचा नवरा धान्याच्या कोठीत मक्याखाली गाडला जाऊन मेला, तेव्हा पोरगी रोंडा पाच वर्षांची. बाई आठवडाभर रडली आणि सुरी घेऊन कामावर आली. पोरगी हुशार निघाली. तिला नर्स व्हायचं होतं. लोरेटाचा सगळा जीव त्यात अडकलेला. नर्स झाली की गावच्या दवाखान्यात लागेल, दोन गल्ल्या सोडून राहील, रविवारी जेवायला येईल.

ब्याऐंशी साली रोंडाला जिल्ह्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तिथल्या सल्लागार बाईनं तिला स्पष्ट सांगितलं, पहिल्या सहामाहीत बायोलॉजी नाहीतर केमिस्ट्री, दोन्हींतलं एकच. बायोलॉजी घेतलीस तर पुढच्या वर्षी नर्सिंगच्या वर्गात बसशील. केमिस्ट्री घेतलीस तर नर्सिंगच्या जागा तोवर भरून जातील, मग वाट वेगळी. रोंडाचा कल बायोलॉजीकडंच होता. धास्ती एकाच गोष्टीची. तिथं डुकराचं न जन्मलेलं पिलू चिरावं लागतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी लोरेटा टेबलावर हसून हसून वाकडी झाली.

"आगं, आपल्या पिंपातली पिलं! कालेजात जात्यात ती! पैसं भरून पोरं त्येच शिकत्यात, जे मी पगार घिऊन करती."

"मग तू मास्तरीण हो की," मी म्हटलं.

"व्हतेच. बघ तू."

तिनं मुकादम डेलकडून एक पिलू मागून घेतलं. तो म्हणाला, "घरी न्यायला? सूप करतीस का काय?" ती म्हणाली, "पोरीचा अभ्यास हाय माझ्या." असं म्हणताना मान इतकी ताठ, की डेलनं पुढं चेष्टा केली नाही.

गुरुवारी पाळी सुटल्यावर तिनं मलाही घरी नेलं. सकाळी उठून तिनं खसखशीचे कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, भाजून ठेवले होते. टेबलावर मेणकापड, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर पिलू. रोंडा दुकानातलं काम आटोपून आली, तिनं ॲप्रनसुद्धा सोडला नव्हता.

"बस. भ्याचं काय कारन न्हाई," लोरेटा म्हणाली. "ह्यो बघ, हितनं सुरवात. सुरी दाबायची न्हाई, नुसती चालवायची."

तिनं एका रेषेत पोट उघडलं. एक थेंब सांडला नाही. "ह्ये काळीज. ही पित्ताची पिशवी, ही फुटली की सगळं हिरवं हुतं. आन् ही लांबडी, आमी हिला जीभ म्हंतो."

"प्लीहा," रोंडा हळूच म्हणाली.

"आसंल बाई, तुझ्या पुस्तकात तसं आसंल." लोरेटा एवढी खूश होती की तिला प्लीहाच काय, काहीही चाललं असतं. सगळा जन्म पोरगी पुढं आणि ही मागं. आज पहिल्यांदा पोरीला जे यायला हवं होतं ते हिला येत होतं. बोलता बोलता तिनं पिलाची नाळ कापली आणि पिलू न बघताच डाव्या हातानं बाजूला फेकलं, कारखान्यात फेकतो तसं. ते भांड्यांच्या मोरीत जाऊन आदळलं.

रोंडा पिलाकडं बघत नव्हती. आईच्या हाताकडं बघत होती.

"आई, दिवसाला किती?"

"कोन मोजतंय? चार-पाचशे तरी."

"आणि मग घरी येऊन तू त्याच हातांनी..." ती कोलाच्यांच्या ताटाकडं बघू लागली.

"घिऊन बस की एक. गरम हायत."

"पोट भरलंय माझं," रोंडा म्हणाली. "कळलं मला सगळं, आई. बरं झालं दाखवलंस." आणि वर तिच्या खोलीत गेली.

लोरेटा मोरी घासत गुणगुणत होती. "बघितलंस? शिकली. एका बैठकीत शिकली." मी टेबलावरचं वर्तमानपत्र गुंडाळून ठेवलं. तेव्हाच बोलायला हवं होतं.

शनिवारी कॉलेजच्या व्यायामशाळेत नावनोंदणी. प्रत्येक विषयाचं एक टेबल, टेबलावर पुठ्ठ्याची कार्डं. रांगेत उभं राहायचं आणि आपलं कार्ड उचलायचं. आम्ही दोघी वरच्या लाकडी बाकांवर बसलो. बायोलॉजीपुढं सहा-सात पोरं होती. केमिस्ट्रीची रांग दारापर्यंत गेली होती, कारण त्या टेबलावरचा मास्तर एकेकाला दहा प्रश्न विचारत होता.

रोंडा बायोलॉजीच्या रांगेत लागली. लोरेटानं माझा गुडघा दाबून धरला. पुढं दोघं राहिले. एक राहिला. रोंडा टेबलापाशी पोचली, तिथल्या बाईनं कार्ड पुढं केलं, आणि पोरीनं हात मागं घेतला. बाजूला झाली आणि सरळ जाऊन दाराशी उभी राहिली, केमिस्ट्रीच्या शेपटाला. पाऊण तास उभी होती. लोरेटानं माझा गुडघा सोडला नाही. पुढं चार दिवस तिथं निळा डाग होता.

आम्ही खाली आल्यावर रोंडा नजर चुकवून म्हणाली, "तिकडं रांग लहान होती, आई."

"बरं केलंस," लोरेटा म्हणाली. "उगं पाय कशापायी मोडायचं."

सोमवारी टेबलावर, साखळी चालू असताना, वर न बघता ती म्हणाली, "किळस आली गं तिला माझी."

"काय तरीच. परीक्षेची भीती वाटली आसंल."

"खोटं बोलू नगं. तुला येत न्हाई."

त्याच आठवड्यात तिनं डेलकडं जाऊन खोक्यांच्या खोलीत बदली मागितली. तिथं पुठ्ठे दुमडायचे, बस्स. डेल तिला समजावून दमला. "लोरेटा, ही सुरी मी कुणाच्या हातात देऊ?" ती म्हणाली, "कुनाच्या बी." मला म्हणाली, रोंडाला सांगू नकोस. तिचं तिला दिसेल. हाताचा वास जाईल, ते तिला कळेल, ती विचारेल, तेव्हा मी सांगीन.

रोंडानं विचारलं नाही. केमिस्ट्री तिला आवडली, मग मिनेसोटाला मोठ्या कॉलेजात गेली, मग तिथंच रंगाच्या कंपनीत लागली. नाताळात यायची, दोन दिवस राहायची. कारखाना कसा चाललाय म्हणायची. लोरेटा म्हणायची, चाललाय. अकरा वर्षं बाईनं खोकी दुमडली. पुठ्ठ्यानं बोटं चिरायची, सुरीनं कधी चिरली नव्हती तेवढी.

त्र्याण्णवच्या मार्चमध्ये ती हृदयविकारानं गेली. दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवणं झाल्यावर मी रोंडापाशी बसले आणि सगळं सांगितलं. माझं तोंड मला आवरलं नाही.

तिनं समोरचा कप बाजूला सारला. मग म्हणाली, "आली होती मला किळस. अठरा वर्षांची होते मी. त्यानंतर मला घरचं जेवण जाईना."

"किती दिवस?"

"दोन आठवडे असतील. मग किळस गेली. मी विसरूनही गेले होते, मावशी." तिनं चष्मा काढला. "तिला तसं सांगितलंसुद्धा असतं. पण कार्ड घेऊन झालं होतं. आणि मला वाटलं, तिच्या काही लक्षात आलं नाही."

बायका आजूबाजूची टेबलं पुसत होत्या. त्यांना रोंडाची खुर्चीही आवरायची होती, पण रोंडा उठेना, आणि तिला उठ म्हणायला माझी जीभ रेटेना.