काकांचं चीटिंग

शेवटच्या दिवशी काका मावशीला सारखं एकच विचारत होते. "खरं सांग, डॉक्टर काय म्हणाले? चीटिंग नको हं."

मावशी वैतागली. सकाळपासून दवाखान्याचे जिने चढून पायाचे तुकडे पडलेले, त्यात डॉक्टरांनी बाहेर नेऊन सांगितलेलं, आता आपल्या हातात काही नाही. "उद्या घरी सोडतायत," ती म्हणाली. "गप पडा आता."

काका हसले. थोड्या वेळाने परत तेच.

चीटिंग हा त्यांचा लाडका शब्द. जन्मभर शाळेसमोर शिंपीकाम केलं, तिथल्या पोरांकडून उचललेला, आणि मिठासारखा सगळ्यात घालायचे. चहा कोमट आला, चीटिंग. सुई मोडली, चीटिंग. मावशी कपाळाला हात लावायची. "अहो, सरळ फसवणूक म्हणा की!"

"फसवणुकीला पोलीस येतात. चीटिंगला नुसतं रुसायचं."

आणि स्वतः काय करायचे? गिऱ्हाइकाची कंबर चाळीस भरली तर मोठ्याने अडतीस म्हणायचे, पॅन्ट कापायचे चाळीसचीच. "मग हे काय?" मावशी विचारायची. तर म्हणे, "यात त्याचं काय गेलं? खुशीत जातो बिचारा." घ्या! या माणसापुढे कोण जिंकणार?

संध्याकाळी काका गेले. मावशीच्या डोक्यात किडाच शिरला. नको म्हणाले तेच मी केलं, शेवटचं मी बोलले ते खोटंच. ताट पुढे आलं की सरकवायची. आम्ही सगळ्यांनी समजावलं, पण ऐकेल तर शपथ.

मग एक दिवस दवाखान्यातले, काकांच्या शेजारच्या खाटेवरचे रंगारी बरे होऊन भेटायला आले. म्हणाले, "वहिनी, त्यांना सगळं माहीत होतं. आदल्या दिवशीच डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं होतं त्यांनी."

"मग मला कशाला छळत होते?"

"तुम्ही 'उद्या घरी' म्हणालात की बरं वाटायचं त्यांना. मला म्हणाले, सांगू नका तिला, नाहीतर परत म्हणायची नाही."

मावशी भडकली. "आणि हे तुम्ही आत्ता सांगताय? इतके दिवस होतात कुठे?"

"खाटेवरच होतो, वहिनी."

ती तावातावाने आत गेली, भांडी आदळली. बाहेर आली ती दोन ताटं घेऊन. एक रंगाऱ्यांपुढे ठेवलं, दुसरं घेऊन स्वतः बसली. "बघता काय? जेवा," म्हणाली.