खळगा असलेलं बटण

बकुळावहिनी अंबरनाथच्या एका प्लॅस्टिक कारखान्यात बावीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होत्या. समोर येणारं झाकण उचलायचं, त्यावरून अंगठा फिरवायचा आणि खळगा लागला की रिजेक्टच्या डब्यात टाकायचं. कारखाना बंद झाला, पण अंगठ्याची सवय गेली नाही. भेंडीसुद्धा त्या तशीच घेतात. भाजीवाला त्यांना लांबून पाहूनच म्हणतो, "या मावशी, रिजेक्ट मी घरी नेतो."

बदलापूर पूर्वेला आमच्या वरच्या मजल्यावर त्या राहतात. बाजारात न मिळणारे प्लॅस्टिकचे बारीकसारीक तुकडे त्या गॅलरीत बसून बनवतात. मशीन वगैरे काही नाही. बाथरूमच्या फटी बुजवायचं सिलिकॉन घ्यायचं, त्यात कॉर्नफ्लोअर घालून, हातमोजे चढवून भाकरीच्या पिठासारखं मळायचं आणि जुना तुकडा त्यात दाबायचा. साचा मोदकाच्या साच्यासारखा दोन भागांचा, भाग एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मधे व्हॅसलीनचा हात. तो घट्ट झाला की जुना तुकडा काढायचा, दोन बाटल्यांतलं, मिसळलं की कडक होणारं रेझिन एकत्र करून ओतायचं आणि दुसऱ्या दिवशी साचा उघडायचा. सिलिकॉनला आंबूस वास येतो. वहिनींचे यजमान राजूभाऊ दारातूनच विचारतात, "आज कशाचं लोणचं?"

"तुमच्या बोलण्याचं. मुरत घातलंय."

यंदा एका सोमवारी चामटोलीहून बाळाआबा आले. बगलेत बेंजो, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. पंचक्रोशीतल्या हळदींत आबांनी पन्नास वर्षं हा बेंजो वाजवला. उजव्या हाताने तारा छेडायच्या, डाव्या हाताने बटणं दाबायची. त्यावर स्पीकर पडून तीन बटणं तुटली होती. शुक्रवारी नातीची, शलाकाची हळद. तिच्या आईच्या हळदीला आबांनीच वाजवलं होतं, आणि शलाका पाळण्यात असताना तिलाही तसा शब्द दिला होता.

"नातू बोलतो, नवा घेऊ," आबा म्हणाले. "नव्याचा माप येगला. माजी बोटां आता नवीन शिकाची नाय गो."

वहिनींनी तुकडे जोडले. मधल्या बटणाला चांगला खोल खळगा होता, दुसऱ्याची एक कड झिजलेली. त्यांनी पुट्टी भरून, पॉलिश पेपरने घासून, तिन्ही बटणं अगदी नव्यासारखी केली आणि मग साचा घेतला. बुधवारी सकाळी बटणं तयार होती. मोत्यांसारखी. त्यांनी अंगठा फिरवला आणि स्वतःवरच खूश झाल्या.

दुपारी आबा आले, त्यांनी बटणं बसवली, डोळे मिटले, वाजवायला घेतलं. दोन ओळी बऱ्या गेल्या, मग बोट घसरलं. पुन्हा वाजवलं, पुन्हा चुकलं.

"माल चांगला हाय," आबा हळूच म्हणाले. "पण मना घर गावत नाय."

"कसलं घर, आबा?"

आबांनी डाव्या हाताचं मधलं बोट पुढे केलं. शेंडा चपटा, घट्टा पडलेला. "ह्यो बोट त्या खळग्यान बसतं. तिथना बाकीची बोटां आपआपली जागा हुडकतान. मी कवा खाली बघला नाय."

वहिनींनी त्या गुळगुळीत बटणावरून पुन्हा अंगठा फिरवला. बावीस वर्षं ज्याला खोट म्हटलं, ती या माणसाची वाट होती, आणि त्यांनी ती बुजवून टाकली होती.

"आबा, शुक्रवारी दुपारी या," त्या म्हणाल्या.

"हळद सांजची हाय गो."

"म्हणून तर दुपारी."

बेंजो त्यांनी ठेवून घेतला. जुनी बटणं समोर घेऊन ब्लेडच्या टोकाने पुट्टी खरवडायला लागल्या. मूळ प्लॅस्टिक पिवळट, पुट्टी करडी, त्यामुळे कुठे थांबायचं ते कळत होतं. राजूभाऊ चहा घेऊन आले.

"आधी भरलंस, आता कोरतेस?"

"रिजेक्ट माल बनवतेय. बोलू नका, हात हलेल."

त्यांनी साचे पुन्हा घेतले, गुरुवारी रेझिन ओतलं. शुक्रवारी आबा आले तेव्हा वहिनींनी बटणं त्यांच्या हातात दिली नाहीत, स्वतःच बेंजोवर बसवली आणि म्हणाल्या, "डोळे मिटा." आबांचं बोट एकदा डावीकडे गेलं, परत आलं आणि खळग्यात बसलं. ते तसंच राहिलं. मग आबा हसले. पुढचे दात नाहीत त्यांना, त्यामुळे ते हसणं फार मोठं दिसतं.

संध्याकाळी आम्ही सगळे चामटोलीला गेलो. मांडवात शलाका हळदीने माखून बसली होती. आबांनी बेंजो मांडीवर घेतला आणि नातीकडे बघत वाजवायला सुरुवात केली. बायका नाचायला उठल्या, पण वहिनी जागच्या हलेनात. त्यांची नजर आबांच्या डाव्या हातावर. पहिलं गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. आबांनी एकदाही खाली पाहिलं नाही.

"बकुळे," आबा वाजवता वाजवताच ओरडले, "तपासनी झाली का? आता नाच की."

वहिनींनी पदर खोचला.