सुविधाची वाचा

माझ्या सासूबाई, तारा, आणि शेजारची सुविधा एकाच वर्षी लग्न होऊन इब्रामपुरात आल्या. तीस वर्षं एकीच्या चुलीवरचं दुसरीच्या ताटात. मग सुविधाचा नवरा गेला आणि तिचं डोकं फिरलं. तारा आपल्या वाईटावर टपलीय, असं तिने मनाशी पक्कं केलं. सकाळी आमच्या तुळशीवर खरकटं पाणी ओतायची आणि संध्याकाळी वाटीभर भाज्यांचं खतखतं घेऊन यायची, काही झालंच नाही अशा तोंडाने. शिव्या परवडल्या, मला त्या खतखत्याची जास्त भीती वाटायची.

आम्ही सवय करून घेतली. तिची भांडी आपटायला लागली की आमचं दार बंद. कपडे वाळत घालायचे ते ती बागायतीत गेल्यावर. पोलिसांत जाऊया म्हटलं, तर सासूबाई म्हणायच्या, "गे पल्लवी, ती आपली सुविधा मगो." आपली! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

गेल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात माझा गर्भ गेला. हॉस्पिटलातून येऊन मी रिक्षातून उतरत होते, तर ती कुंपणावरून ओरडली, "पोट पडला गो तुझ्या सुनेचा, तारा! बरा झाला!"

सासूबाईंनी मला धरून घरात नेलं. पंधरा दिवसांनी नारळ आणि दारूची बाटली घेऊन त्या मला गावची शीव राखणाऱ्या देवचाराकडे घेऊन गेल्या. तिथे गावकार गोकुळदासांनी गाराणं घातलं, "त्या सुविधाची वाचा बंद कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," सासूबाई म्हणाल्या. मीही म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

नवव्या दिवशी सुविधाला झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, ब्लडप्रेशरच्या गोळ्या तिने कधीच सोडल्या होत्या. सासूबाईंना ते पटेना. शेजारचं घर गप्प झालं आणि आमच्या जिवाला घोर लागला. सासूबाई भर दुपारी कुंपणाशी कान देऊन उभ्या राहायच्या. तिला न्हाऊ घालायला, भरवायला त्याच जायच्या. सुविधा त्यांच्याकडे एकटक बघत घास गिळायची.

गाराणं सोडवायचं म्हणून सासूबाई गोकुळदासांचे पाय धरून आल्या. ते म्हणाले, "दोगांनीय 'व्हय म्हाराजा' म्हणूक व्हया. जिच्यार घातला, तिनाय. नायतर सुटाचा नाय."

"तिका उलयता येना मरे! वाचाच गेली तिची!"

"हाडून तर बघ."

आम्ही तिला रिक्षात घालून नेलं. देवचारासमोर सासूबाईंनी रडत रडत तिला सगळं सांगितलं. त्याआधी तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. गोकुळदासांनी हात जोडले, "घातलेला गाराणा सोड, म्हाराजा!" सासूबाई 'व्हय' म्हणाल्या, मी म्हणाले, आणि आम्ही सुविधाकडे बघत राहिलो. तीनदा विचारलं. तिने ओठ मिटूनच ठेवले.

"जमाचा नाय तिका," गोकुळदास म्हणाले आणि त्यांनी नारळ उचलला.

परत आल्यावर सासूबाई डोळे पुसत तिचं दार उघडायला पुढे गेल्या. मी सुविधाला धरून उतरवत होते. तिचं तोंड माझ्या कानाशी आलं.

"पल्लवी," ती हळू, पण स्वच्छ म्हणाली, "माका उलयता येता. ताराक सांगू नको."

मी भ्याले. अजून सांगितलेलं नाही. आज सकाळीही सासूबाई तिला पेज भरवायला गेल्या.