वाळवीनं खाल्लेलं वाक्य

माझ्या आतोबांइतका भित्रा माणूस उभ्या नगर जिल्ह्यात झाला नसेल. बेचाळीस साली कोल्हारात लोक पोलिसांना घाबरत, माझी आत्या जपानी बाँबला घाबरे, आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, घाबरत एका इंग्रजी कोशाला. तरुणपणी मास्तरकी करता करता त्यांनी विलायतेतल्या त्या प्रचंड कोशासाठी हौसेनं काम केलं होतं. कोणता शब्द कुठल्या पुस्तकात कसा आला, ते वाक्य जसंच्या तसं चिठ्ठीवर उतरवायचं, पानाचा आकडा घालायचा आणि टपालानं धाडायचं. अशा शेकडो चिठ्ठ्या त्यांनी धाडल्या. शेवटच्या पुस्तकाला मात्र वाळवी लागली होती. पुस्तक बागकामाचं. त्यात एक माळी खुरपं घेऊन निघालेला, पण कुठे, ते वाळवीनं खाल्लेलं. आतोबांनी त्याला आपल्या मनानंच विहिरीकडे पाठवला आणि चिठ्ठी पेटीत टाकली.

तेव्हापासून त्यांच्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही. मनमाडच्या रस्त्यावर एखाद्या साहेबाची मोटार वाजली की आतोबा दाराला कडी घालून न्हाणीघरात जाऊन बसत. पोस्टमन बाहेरून ओरडे, "गुर्जी, भ्याता कशापायी? श्रीगोंद्याच्या लेकीचं कार्ड हाय!" तरी तिकीट विलायतेचं नाही ना, हे आधी आत्यानं बघून यायचं. जेवताना घास हातात धरून म्हणत, "अगं, माझं खोटं वाक्य जगभर छापलं जाणार! उद्या उघडकीला आलं की मास्तर म्हणून काय तोंड दाखवू?" आम्ही पोटभर हसायचो. पण वर्गात एक काना चुकला तरी छडी ओढणाऱ्या त्या माणसानं घास तसाच ताटात परत ठेवलेला बघून माझं हसू विरून जाई.

पुण्याला कॉलेजात गेल्यावर ग्रंथालयात तो कोश दिसला. खुरप्याचा इंग्रजी शब्द काढला. तेच पुस्तक, तेच पान, तोच माळी. फक्त तो विहिरीकडे नाही, घरी निघाला होता.

सुट्टीत हे आतोबांना सांगितलं.

"म्हणजे कुणीतरी दुसरी प्रत काढून ताडून पाहिलं," ते म्हणाले. "माझी चूक कळली, आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत?"

"नाही बोलले, आतोबा. सुटलात तुम्ही."

"मी पोरांना किती मारलं गं," ते म्हणाले आणि डोळे पुसायला पंचा शोधू लागले. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर ते शाळेत दोनच वर्षं होते. त्या दोन वर्षांतल्या मुलांच्या वह्या मी पुढे पाहिल्या. चुकलेल्या शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरात बरोबर शब्द लिहिलेला होता. बाकी काही नव्हतं.