फ्रान्सिस अंकलच्या इंजिनाची आंघोळ

एखाद्याचं भलं करायला जावं आणि त्याचा सत्यानाश करून यावं, यातला माझा हात कोणी धरू शकत नाही. विश्वास नाही बसत? मग चहा घ्या आणि ऐका.

रिटायर झाल्यावर मी छोट्या आगगाड्यांच्या नादाला लागलो. म्हणजे त्या वीतभर इंजिनाच्या, टेबलावर रूळ मांडून चालवायच्या. नादाला लावलं आमच्याच डोंबिवलीच्या सोसायटीतल्या नितीनने. आम्ही पाच-सहा जण दर रविवारी माझ्याकडे जमतो. रेल्वेच्या गप्पा, गाड्यांच्या गप्पा, कोणाच्या गुडघ्याच्या, कोणाच्या सुनेच्या. मध्ये मध्ये पोहे. माणसाला आणखी काय लागतं हो?

या मंडळींत सगळ्यात वडीलधारे म्हणजे ठाण्याचे फ्रान्सिस अंकल. पंचाहत्तरीचे, माजिवड्याचे जुने रहिवासी. त्यांचे वडील कल्याणच्या शेडला वाफेच्या इंजिनाचे ड्रायव्हर होते. अंकलनी वडिलांचं तेच इंजिन छोटं करून बनवलेलं. पण काय सांगू, इतकं घाणेरडं! वर काजळी, खाली गंज, बाजूने तेलाचे ओघळ. आणि ते दर रविवारी बाहेर काढलं की नितीन ओरडायचा, "अंकल, काय घाण केलीय! वा!" बाकीचे हसायचे. अंकलही हसायचे.

मला आपलं वाईट वाटायचं. म्हातारा माणूस, नजर कमी झाली असेल, हात थरथरत असतील. पुसायला जमत नसेल. आणि ही तरणीताठी पोरं त्यांची टर उडवतात!

आता तुम्ही म्हणाल, विचारायचं ना मग. विचारलं असतं तर मी कसला? मी या छंदात नवीन, त्यामुळे कोणी काही बोललं की जाणकारासारखी मान डोलवायची, हे माझं धोरण.

तर झालं असं, अंकलच्या नातीचा बाप्तिस्मा होता वसईला. आठवडाभर तिकडे मुक्काम, आणि घरात रंगाचं काम काढलेलं. म्हणून ते इंजिन माझ्याकडे ठेवायला आले. शंकरपाळ्यांच्या डब्यात कापूस घालून.

"बावा, जपून ठेव हां. पुढच्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये आपलं प्रदर्शन आहे. याच्यासाठीच चार महिने खपलोय मी. फक्त वरून शेवटचा हात मारायचा राहिलाय, तो आल्यावर मारतो."

"अंकल, तुम्ही निर्धास्त जा," मी म्हटलं. "तुमचा शेवटचा हात मी मारतो की!"

ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. पण मी आमच्या कुळाच्या इतिहासात पहिल्यांदाच काहीतरी गंभीरपणे बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बसलो बाल्कनीत. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश. बायको, माधुरी, दारात येऊन उभी राहिली.

"अहो, काय चाललंय?"

"पुण्यकर्म."

"खाली आपली गाडी सहा महिने धुतली नाहीये. रंग कुठला होता तेही विसरले मी. आणि इथे खेळण्याला आंघोळ?"

"खेळणं नाही ते. मॉडेल म्हणायचं."

ती कपाळावर हात मारून आत गेली. मी मात्र लागलो घासायला. पाणी काळं झालं, मग तपकिरी झालं. दोन तासांनी इंजिन असं चमकायला लागलं की त्यात माझं टक्कल दिसायला लागलं. मन भरून आलं. फोटो काढला आणि टाकला आमच्या रविवारच्या ग्रुपवर (अंकल वसईला गेले की फोन उघडत नाहीत): "अंकलना सरप्राइज! कोणी सांगू नका!"

एरवी नुसतं 'गुड मॉर्निंग' टाकलं तरी वीस फुलं येतात. आज शांतता! पाच मिनिटांनी नितीन जिन्यावरून धावत आला, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी.

"काका, हे काय केलंत?"

"स्वच्छ केलं."

"अहो, ती घाण अंकलनी लावलेली होती! हाताने! एकेक डाग! खरं इंजिन जसं मळतं तसं मळवायचं, तीच तर आपली कला. आम्ही 'काय घाण केलीय' म्हणायचो, ती दाद होती!"

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही मान डोलवत होतात ना!"

घ्या. चार महिन्यांची मेहनत मी दोन तासांत मोरीत सोडली होती. नितीन म्हणाला, पावडरचे रंग होते, वरून पक्के करायचे राहिले होते. अंकलचा शेवटचा हात तो.

मग काय, ग्रुपवरचा फोटो काढून टाकला आणि घाण शोधायला निघालो. माझ्यासारख्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा घाण हवी होती आणि ती नेमकी घरात नव्हती! निरांजनाची काजळी लावून पाहिली. चहाचं पाणी शिंपडलं. माधुरीचं काजळ चोरलं. शेवटी ते इंजिन असं दिसायला लागलं की जणू बारशाच्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून तीट लावलीय. पुन्हा धुतलं.

शुक्रवारी अंकल परत आले. माधुरी म्हणाली, "जे केलंय ते तोंडाने सांगा. आणि डबा रिकामा नेऊ नका." म्हणून एका डब्यात इंजिन, दुसऱ्यात खरे शंकरपाळे घेऊन मी ठाण्याला गेलो.

अंकलनी डबा उघडला. बघत राहिले. मी म्हटलं, "अंकल, चूक झाली. मला वाटलं तुम्हाला पुसायला जमत नाही."

त्यांनी बोटाने ड्रायव्हरच्या खिडकीची कड चाचपली. मग हळूच म्हणाले, "इथे सगळीकडे काजळी होती ना, आणि इथे फक्त एवढासा भाग चकचकीत ठेवलेला मी. माझा बापूस इथे कोपर टेकून बसायचा. कोपराने घासून घासून तेवढीच जागा चमकायची. आता सगळंच चमकतंय. कोपर कुठला ते कळत नाही रे."

खरं सांगतो, त्या क्षणी रडू आलं मला. ग्रुपमधून काढून टाका, शिव्या द्या, काही करा, पण असं शांतपणे बोलू नका! एका माणसाच्या बापाचा कोपर मी भांड्यांच्या साबणाने धुतला होता.

अंकल इंजिन उजेडात धरून फिरवत होते. आणि अचानक त्यांचा चेहरा बदलला.

"आयला! ही अशी मी बघितलीय."

"कशी?"

"अशीच! खंडेनवमीला. बापसाची गाडी वर्षभर काळी असायची, पण त्या दिवशी शेडमध्ये सगळे मिळून तिला धुवायचे, झेंडूची माळ घालायचे. बापूस चर्चला जाणारा, पण माळ घालायला सगळ्यांत पुढे. त्या दिवशी मला खांद्यावर घेऊन दाखवायला न्यायचा." आणि म्हातारा चक्क हसायला लागला. "तू तिचा दसरा केलास, बावा!"

मी दोन कप चहा प्यायलो तिथे. शंकरपाळेही मीच जास्त खाल्ले, टेन्शनमध्ये होतो ना.

रविवारी प्रदर्शन. अंकलच्या टेबलाभोवती ही गर्दी! छोट्या शेडसमोर ते चकचकीत इंजिन, त्याला दोऱ्याची केशरी माळ. आणि शेजारी नखाएवढा एक माणूस. टक्कल, चौकडीचा शर्ट, एका हातात बादली, दुसऱ्या हातात ब्रश.

"अहो, हे तर तुम्ही!" माधुरी किंचाळली.

एका चिमुरडीने अंकलना विचारलं, "आजोबा, हे काका काय करतायत?"

"चूक करतायत बाळा," अंकल म्हणाले. "पण किती मन लावून, बघ."

हॉल हसला. मीही हसलो. आणि अंकलनी सगळ्यांसमोर मला ते इंजिन चालवायला लावलं, तेव्हा तर मी हवेतच होतो.

ती हवा माधुरीने दुसऱ्या सकाळी काढली. बादली, साबण आणि तोच टूथब्रश हातात दिला. "जा. खाली. मन लावून."

सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी आमची गाडी घासतोय, टक्कल उन्हात, अंगात तोच चौकडीचा शर्ट, तेवढ्यात वरून नितीनने फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला: "तेच मॉडेल, पण खऱ्या मापात."

खाली लगेच अंकलचं उत्तर: "मॉडेल बरं जमलंय. पण टक्कल फार चमकतंय. कोणीतरी जरा मळवा रे."