भुईचाफ्याला पाणी

जयप्रकाश सोमणांनी बँकेच्या नोकरीत गावोगावी बदल्या काढल्या, पण सामानाची एक दोरीही कधी बांधली नाही. ते खातं प्रेमलताबाईंचं. साहेब नव्या गावी आधी रुजू व्हायचे, मागून बिऱ्हाड यायचं आणि बिऱ्हाडाबरोबर बाईंच्या माहेरचा भुईचाफा. कोलकात्यात तो बाल्कनीतल्या कुंडीत रुजला. चैत्रात, एकही पान नसताना, मातीतून थेट पांढरं-जांभळं फूल वर यायचं. पहिलं फूल चैत्रगौरीपुढे. "छान," म्हणून साहेब एस्प्लनेडच्या ऑफिसला निघायचे. उरलेलं वर्ष ती कुंडी काय करते, याची त्यांनी कधी चौकशी केली नाही.

कालीपूजेच्या, म्हणजे आपल्या दिवाळीच्या, आठवड्यात प्रेमलताबाई गेल्या. निवृत्त होऊन घरी बसलेल्या जयप्रकाशना तेव्हा कुठे कुंडी दिसली, आणि दिसली ती पिवळ्या पानांची! माणूस हादरलाच. बायको गेली, आता तिचं झाडही जाणार? त्यांनी तांब्या उचलला तो खाली ठेवलाच नाही. पानं झडून नुसती माती उरली, तरी सकाळ-संध्याकाळ पाणी चालूच. घालता घालता बोलायचे, "प्रेमा, आज गारठा आहे हं." जन्मात बायकोशी इतकं बोलले नसतील.

चैत्रगौर बसली. बसून उठायची वेळ आली, तरी कोंब नाही. शेवटी त्यांनी बोटांनी माती उकरली. कंदाच्या जागी काळा, कुबट लगदा हाताला लागला.

न्यू टाउनला ऑफिसला निघालेली त्यांची मुलगी नूपुर दारातच थांबली.

"आई थंडीत पाणी द्यायचीच नाही, बाबा. पानं गेली की कुंडी पलंगाखाली ठेवायची. कोरडी."

"तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

परमुलखात वाढलेल्या नूपुरचं मराठी अशा वेळी अडतं. "तुम्ही... दिवसभर कोणाशीच बोलत नव्हता. फक्त पाणी देताना, आईशी. ते बंद झालं असतं तर?"

जयप्रकाशना रडू आवरेना. दर हिवाळ्यात ते त्याच पलंगावर झोपले होते, आणि एकदाही खाली वाकून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा तांब्या भरला. नूपुर दाराआड उभी राहिली. नुसत्या मातीवर पाणी पडत होतं.

"प्रेमा," ते म्हणाले. पुढे त्यांना काही बोलताच आलं नाही.